विळीचा दाता कोण? संग्रहालयं, शोधनिबंध आणि बायकांची नावं

पाटावरची (ठाणे) | ७ जुलै, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मुंबईत संग्रहालयशास्त्राची पदविका केली. वर्गात सगळी माझ्या मुलीच्या वयाची पोरं. (नौपाड्यात 'संग्रहालयाचा कोर्स करतेय' म्हटलं की लोक विचारायचे, मराठी ग्रंथ संग्रहालयात चिकटलात का? १८९३ सालापासून आमच्याकडे संग्रहालय म्हणजे तेच.) प्रकल्पासाठी जिल्ह्यातल्या एका छोट्या खाजगी संग्रहाचं नोंदणीपुस्तक चाळत होते आणि त्यात चक्क आमच्या घरची विळी निघाली. सासूबाईंची. घर आवरताना आम्हीच देऊन टाकलेली. नोंद अशी होती:

'विळी. लोखंड व सागवान. विसावे शतक. दाता: श्री. अमुक तमुक. स्थिती: बरी. पात्याच्या बुडाशी गुंडाळलेली चिंधी काढून स्वच्छ केले.'

श्री. अमुक तमुक म्हणजे आमचे 'हे'. ह्यांनी जन्मात त्या विळीवर कांदा चिरलेला नाही. फक्त रिक्षातून नेऊन पोचवली. आणि ती चिंधी! पातं बुडाशी हलायला लागलं तेव्हा सासूबाईंनी जुन्या नऊवारीचा काठ फाडून तिथे घट्ट आवळला होता. त्या विळीवर त्यांच्या हातचं काही होतं तर ते तेवढंच, आणि संग्रहालयाने घाण म्हणून तेच काढून टाकलं.

यावर मी एक निबंध लिहिला. विषय एवढाच की घरगुती वस्तूंच्या नोंदीत दाता, धातू, कालखंड असे रकाने असतात, वापरणारीचा रकाना नसतो. सासूबाईंशी (वय ८४) आठ-दहा बैठकी मारून माहिती घेतली. एका इंग्रजी जर्नलला पाठवला. चार महिन्यांनी तीन रिव्ह्यूअर्सचे (छापण्याआधी निबंध तपासणाऱ्यांचे) शेरे आले. एकाला पात्याच्या लोखंडाचं विश्लेषण हवं होतं. दुसरा म्हणतो, माहिती देणारी व्यक्ती लेखिकेची नातेवाईक असल्याने वस्तुनिष्ठतेचा प्रश्न येतो. तिसऱ्याने फक्त स्वल्पविराम दुरुस्त केलेत, पण मन लावून.

सासूबाईंना सहलेखिका करावं असं माझ्या मनात होतं. ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रत्येक लेखकाची 'संस्था' आणि ईमेल भरल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. संस्था काय भरू? स्वयंपाकघर?

इथे प्राध्यापक मंडळी आहेत, स्त्रीवादावर वाचणाऱ्या मैत्रिणी आहेत. सांगा, काय करू?

---

एरंडाचं_गुऱ्हाळ (ठाणे पश्चिम) | ७ जुलै, रात्री ११:३०

ताई, लिहिलंय झकास. पण शंका विचारतो, राग मानू नका. संग्रहालयातल्या कुठल्या मूर्तीखाली मूर्तिकाराचं नाव असतं? तांब्या कोणत्या तांबटाने ठोकला, समई कुणी ओतली, कुणाला माहीत? ते सगळे पुरुषच होते आणि तेही निनावीच गेले. मग यात स्त्रीवाद कुठून आला?

---

खारफुटी (घणसोली) | ८ जुलै, सकाळी ७:१५

@एरंड, सकाळच्या वाशी लोकलमधून उभ्याने टाइप करतेय, त्यामुळे तुटक लिहीन.

माझी आजी धवलारीण आहे. आगरी लग्नात हळदीपासून धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते ती. तिच्याशिवाय आमच्याकडे विधी पुढे सरकत नाही. काही वर्षांपूर्वी एक संशोधक घरी आले, तीन दिवस रेकॉर्डिंग केलं, चिंबोरीचं कालवण जेवले. पुढे त्यांचा निबंध छापून आला. त्यात आजीचा उल्लेख आहे 'एक वृद्ध आगरी स्त्री' असा. ज्या पुरुषाने ओळख करून दिली त्याचं मात्र आभारात पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

एकाच लेखात दोन माणसं भेटतात आणि नाव एकालाच मिळतं. स्त्रीवाद इथून येतो.

आणखी एक. नवी मुंबईसाठी सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा कागदांवर आजोबांचं नाव होतं, म्हणून बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के जमिनीसाठी चकरा मारायला निदान कागद तरी होता. आजीकडचं जे होतं त्याचा सातबारा कुणी काढलाच नाही.

(विळीला आमच्यात मोरली म्हणतात. नोंदीत तेही लिहा की.)

---

वाशीचा_मास्तर | ८ जुलै, दुपारी १:०५

पाटावरची, मी कॉलेजात शिकवतो आणि एका जर्नलसाठी रिव्ह्यूही करतो, म्हणजे दोन्हीकडून मार खाल्लेला आहे. सविस्तर लिहितो.

तुमचा विषय नवा नाही, आणि त्याचा तुम्हाला उपयोगच आहे. ब्रिटनमध्ये १९८४ साली संग्रहालयांत काम करणाऱ्या बायकांनी 'वुमन, हेरिटेज अँड म्युझियम्स' नावाचा गट काढला. त्याच सुमाराच्या गॅबी पोर्टर यांनी १९८८ मध्ये संग्रहालयांतल्या घर आणि स्वयंपाकघराच्या मांडणीवर लिहिलं: बाई दाखवतात ती घराची पार्श्वभूमी म्हणून, काम करणारी म्हणून नाही. त्याआधी १९७१ मध्ये कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिन यांनी 'थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत' असा प्रश्न मांडून तो प्रश्नच उलटा फिरवला होता. १९८९ मध्ये गोरिला गर्ल्स या स्त्री कलाकारांच्या गटाने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजदादच केली: आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री कलाकार ५ टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रं मात्र ८५ टक्के स्त्रियांची. पोस्टर छापून गावभर लावलं. पोर्टरबाईंना आधार घ्या, रिव्ह्यूअर क्रमांक दोन निम्मा गप्प होईल.

आता सहलेखनाचं. इथे मी जरा कडू बोलणार आहे. लेखक म्हणजे ज्याने अंतिम मसुदा वाचून मान्य केला आणि पुढे कुणी प्रश्न विचारला तर जो उत्तर देईल तो. नुसती माहिती दिली म्हणून सहलेखक होत नाही. नाहीतर उद्या मी ज्या शिपाईकाकांकडून कपाटाची किल्ली घेतो तेही सहलेखक.

---

खारफुटी | ८ जुलै, दुपारी १:४०

किल्ली आणि ज्ञान यात फरक आहे हो मास्तर.

---

वाशीचा_मास्तर | ८ जुलै, दुपारी २:२०

मान्य, उदाहरण चुकलं.

मधला रस्ता सांगतो. एपीए या संदर्भ द्यायच्या ठरलेल्या पद्धतीत तोंडी माहिती म्हणजे 'पर्सनल कम्युनिकेशन'. मजकुरात कंसात येते, शेवटच्या संदर्भसूचीत येत नाही. म्हणजे तुम्ही हॉटेलात बसून कुणाला व्हॉट्सॅप केलात ते आणि ८४ वर्षांच्या बाईचं आयुष्यभराचं जाणतेपण, दोन्हींची पत सारखीच! कॅनडातल्या लोरिसिया मॅक्लाउड या क्री समाजातल्या ग्रंथपाल. त्यांनी आदिवासी समाजांतल्या जाणत्या वडीलधाऱ्यांचा संदर्भ सूचीतच कसा द्यावा याचे नमुने तयार केले आणि त्यावर २०२१ मध्ये लेखही लिहिला. नाव, समाज, गाव, कशाबद्दल सांगितलं, कधी सांगितलं. पुस्तकाच्या बरोबरीने ओळ. तसा नमुना धरून सासूबाईंना सूचीत बसवता येईल. संपादकाला पत्रात दाखला द्या.

खर्चाचंही बघा. सगळ्यांना वाचता यावा असा लेख ठेवायला काही इंग्रजी जर्नलं लेखकाकडूनच फी घेतात, आणि ती पेन्शनीतून परवडण्यासारखी नसते. फी न देता छापलात तर तो कुलपाआड. असे लेख वाचता यावेत म्हणून सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं, तीन वर्षांना ६,००० कोटी. पण ते सरकारी संस्थांसाठी. तुमच्यासारख्या स्वतंत्र अभ्यासकाला त्यात दार नाही. स्वतःचाच लेख वाचायला माझ्यासारख्याला फोन कराल.

---

तांदळाची_रांगोळी (कळवा) | ८ जुलै, रात्री ९:१८

मी जव्हारकडे बावीस वर्षं शाळेत होते, तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. (पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. अजून माझ्या तोंडात बसत नाही.) एरंडभाऊंच्या प्रश्नाला आमच्याच जिल्ह्यातून उत्तर देते.

वारल्यांच्या लग्नात आतल्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ, बांबूची काडी. मध्ये पालघट देवी. चौक लिहिणार सवाशिणी, आणि धवलेरी गात राहणार. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. पिढ्यान् पिढ्या हे बायकांचं काम, आणि लग्न आटपलं की भिंत पुन्हा सारवली जायची.

१९७० च्या सुमारास चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, आणि भिंतीवरचं कागदावर काढायला कागद आला. कागदावर जे पुढे आले ते जिव्या सोमा मशे. मोठा चित्रकार, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यात वादच नाही. पण संग्रहालयांच्या पाट्या वाचा. कागदावरच्या चित्राला चित्रकाराचं नाव. भिंतीवरच्या चौकाला 'वारली जमात, पारंपरिक'. बाया जमातीत जमा झाल्या.

याची गंमत अशी की हेच कुलकर्णी त्याआधी दुष्काळाच्या दिवसांत बिहारात मिथिलेत गेले होते. तिथेही भिंतीवर लिहिणाऱ्या बायकाच. तिथे कागद बायकांच्या हातात गेला आणि सीतादेवी, गंगादेवी ही नावं जगाला कळली. माणूस तोच, कल्पना तीच, आणि निकाल उलटा. म्हणून मला 'परंपराच निनावी असते' हे पटत नाही. कुणाच्या हातात कागद दिला आणि पुढे पाटी कुणी लिहिली, त्यावर ठरतं.

---

एरंडाचं_गुऱ्हाळ | ८ जुलै, रात्री १०:०२

मिथिलेचं माहीत नव्हतं. पण माझा तांबट अजून बाहेरच उभा आहे. त्याला आत घ्या की.

---

पाटावरची | ८ जुलै, रात्री ११:४०

@एरंड, घेतला. खरंच. तुमचं वाचल्यावर निबंध पुन्हा उघडला आणि ओशाळले. मी तावातावाने सासूबाईंचं नाव शोधत होते, पण विळी केली कुणी, धार कुणी लावली, ते विचारलंच नव्हतं. आज विचारलं. म्हणाल्या, पेणच्या बाजारातला लोहार होता, त्याची बायको भाता ओढायची आणि पैशाचं तीच बोलायची. लोहाराचं नाव त्यांना आठवत नाही. त्या बाईचं आठवतं.

@मास्तर, मॅक्लाउडबाईंचं फार उपयोगी. तो शब्द 'पर्सनल कम्युनिकेशन' मीच मसुद्यात लिहिला होता हो, शिकवलं तसं.

@तांदळाची रांगोळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर वेगळा धागा काढा.

---

नीळकंठ_घोडबंदर | ९ जुलै, सकाळी ६:४०

सुप्रभात. विषय थोडा बाजूला नेतो, म्हातारपणी मुभा असते.

पुण्याला केळकर संग्रहालयात वज्र्यांचं कपाट आहे, ते पाहिलंय का कुणी? पाय घासायच्या वज्री, पितळेच्या, वर पोपट, मोर, बाहुल्या. शेजारी अडकित्ते. दिनकर केळकरांनी हा सगळा संसार आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने मांडला, आणि त्यात पत्नी कमलाबाईंची साथ होती. राजवाड्यातल्या तलवारी सगळेच जमवतात. बायकांची फणी, करंडा, वज्री जमवावी असं वाटणारा माणूस त्या काळात विरळाच. तेव्हा संग्राहकांना सरसकट झोडू नये.

दुसरं, संग्रहालयशास्त्राचा विद्यापीठ विभाग बडोद्याला १९५२ मध्ये निघाला तेव्हा तिथे कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. ह्याच बाईंनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 'ऑल मेन' खोडून 'ऑल ह्युमन बीइंग्ज' करायला लावलं, १९४८ ची गोष्ट. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या पहिल्या संचालकही बाईच, ग्रेस मॉर्ले, १९६० पासून. सुरुवातीला बायका होत्याच.

---

खारफुटी | ९ जुलै, सकाळी ८:०५

काका, खुर्चीत बायका होत्या, खरं आहे. पण हंसाबेननी जो शब्द खोडला तो दाता/वापरकर्ता या रकान्यांत अजून कुणी खोडलेला नाही ना. वरच्या पाटीवर मेहता, आतल्या रजिस्टरात 'श्री. अमुक तमुक'. आणि वज्रीचं म्हणाल तर त्या कपाटात पोपट कसा आहे ते कळतं, पाय कुणाचे होते ते कळत नाही. आमच्या आजीने पाय दगडावर घासले.

---

नीळकंठ_घोडबंदर | ९ जुलै, सकाळी ८:३०

तेही खरं. दगड कपाटात ठेवत नाहीत.

---

मिठागर (बेलापूर) | ९ जुलै, दुपारी ३:१०

मी संग्रहालयातच नोंदणीचं काम करते, कुठे ते विचारू नका. आतली बाजू सांगते, कारण इथे नोंद करणाऱ्याला दुष्ट समजलं जातंय.

दाता हा रकाना कायद्याचा आहे, कौतुकाचा नाही. वस्तूची मालकी कुणी सोडली याची सही लागते. सही द्यायला जो येतो त्याचं नाव चढतं. बहुतेक वेळा तो मुलगा किंवा नवरा असतो, कारण माळा साफ करून वस्तू घेऊन येणारा तोच. नवीन रकाना काढायचा तर सॉफ्टवेअर वरून ठरलेलं. पण 'शेरा' नावाचा एक रकाना सगळीकडे असतो आणि तो बहुतेक रिकामा असतो. मी आता तिथे लिहायला लागलेय. कुणी वापरली, कुठे बसून वापरली, कुणाकडून आली. संगणकात शोधलं तर शेराही सापडतो.

चिंधीबद्दल मात्र वाईट वाटलं. आम्हाला शिकवतात की बाहेरून आलेलं कापड ओल धरतं आणि लोखंड गंजतं. ते चूक नाहीच. पण काढायची तर पाकिटात घालून, क्रमांक टाकून विळीसोबत ठेवायची. डागडुजी हा वस्तूचाच भाग असतो. त्यांच्याकडे पाकीट आहे का, विचारून बघा. कधीकधी असतं.

---

वाशीचा_मास्तर | ९ जुलै, संध्याकाळी ६:४५

मिठागरताईंचा प्रतिसाद धाग्यातला सर्वात कामाचा. पाटावरची, निबंधात 'शेरा' हा मुद्दा घ्या. नुसती तक्रार करणारा लेख आणि रजिस्टरात उद्या काय बदलता येईल ते सांगणारा लेख, यात संपादक दुसरा उचलतो.

आणि मराठीचं विचारलं नाहीत तरी सांगतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांवर. गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती, आणि त्या बायका पुस्तकात नावानिशी आहेत. 'एक वृद्ध दलित स्त्री' नाहीत. हे मराठीत झालं, 'स्त्री उवाच'ने छापलं, कुठल्याही इंडेक्समध्ये नव्हतं. यूजीसीची केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादीही आता २०२५ मध्ये गुंडाळली, त्यामुळे 'यादीत नाही म्हणून मराठी नको' हे कारणही निम्मं गेलं. पदोन्नतीची चिंता आम्हाला, तुम्हाला कशाला?

---

एरंडाचं_गुऱ्हाळ | ९ जुलै, संध्याकाळी ७:२०

दोन्हीकडे छापा. इंग्रजीत रिव्ह्यूअरसाठी, मराठीत सासूबाईंसाठी. आणि हो, मास्तर म्हणाले ना, लेखक म्हणजे ज्याने मसुदा वाचून मान्य केला तो? मग वाचून दाखवा की त्यांना. अट पुरी होते.

---

पाटावरची | १७ जुलै, रात्री ९:३५

उशिरा येतेय, क्षमस्व. बरंच झालंय मध्ये.

चिंधीचं पाकीट नाही. फोन केला होता. पलीकडचा मुलगा भला होता, त्याने शेरा रकान्यात चिंधीबद्दल लिहून घेतलं, मला वाचूनही दाखवलं. मिठागर, तुमच्यामुळे.

एरंडभाऊंचा सल्ला मानून निबंध मराठीत उतरवला आणि सलग तीन दुपारी सासूबाईंना वाचून दाखवला. पहिल्या दिवशी झोपल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, एवढ्याशा विळीला किती ते शब्द. तिसऱ्या दिवशी मी पाटाच्या झिजेपर्यंत आले. पाट डाव्या बाजूने जास्त झिजलाय, त्यावर माझा एक परिच्छेद होता: लोहाराने पातं तिरपं बसवलं, त्यामुळे वजन डावीकडे पडत असावं. रेखाटनही होतं, बाणबिण दाखवून.

त्या म्हणाल्या, पातं सरळच होतं. मी डावखुरी आहे.

सदतीस वर्षं एका घरात राहतेय मी. जेवताना उजव्या हाताने जेवतात, लिहितात उजव्याने, कारण लहानपणी हातावर पट्ट्या खाल्ल्यात. विळीवर बसायच्या तेव्हा सगळे बाहेर असायचे, तिथे कुणी हात बघत नव्हतं. म्हणून दुसरा पाय पाटावर, म्हणून झीज डावीकडे. तिन्ही रिव्ह्यूअर्सनी तो परिच्छेद वाचला होता. एकाने तर त्याचं कौतुक केलं होतं.

परिच्छेद काढला, नवा लिहिला. आता त्या सहलेखिका आहेत आणि मास्तर, तुमची व्याख्या लावूनच आहेत. संस्थेच्या रकान्यात 'स्वतंत्र' लिहिलं. ईमेल माझा दिला.

---

वाशीचा_मास्तर | १७ जुलै, रात्री ९:५०

शरण. शिपाईकाकांचं उदाहरण पुन्हा देणार नाही.

---

खारफुटी | १७ जुलै, रात्री १०:१०

लोकलमध्ये एकटीच हसले. आजीला सांगते.

नाव कसं दिलंत पण त्यांचं?

---

पाटावरची | १७ जुलै, रात्री १०:३२

तिथेच घोडं अडलंय. लग्नात त्यांचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं, तांदळाच्या ताटात लिहून. आधार कार्डावर सासरचं. विळी आणली माहेरहून, तेव्हा त्या दुसऱ्याच नावाच्या होत्या. मी विचारलं, लेखावर कुठलं घालू? दोन्हीही घालता येतील म्हटलं.

विचार करून उद्या सांगते म्हणाल्या. त्याला आज तीन दिवस झाले. सबमिट बटणाचं पान उघडंच ठेवलंय.